मेंदूत विषाणू सापडलाच नाही

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धमकी महाराष्ट्रातल्या निदान तीन पिढ्यांनी ऐकली आहे. इंजेक्शन दुखतं, पोट सुजतं, हे घरोघरी माहीत होतं. सुईतून आत काय जातं, हे मात्र दवाखान्यातही फारसं कुणी बोलत नसे. आत जायचा मेंढीचा मेंदू.

ही कृती डेव्हिड सेंपल या लष्करी डॉक्टरची, १९११ सालची, कसौलीची. जनावराच्या, आपल्याकडे मेंढीच्या, मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मेंदू वाटून पातळ करायचा, फिनॉल घालून विषाणू मारायचा आणि ते मिश्रण रुग्णाच्या पोटाच्या कातडीखाली टोचायचं. लस स्वस्त होती, साध्या प्रयोगशाळेत बनत होती आणि तिनं असंख्य जीव वाचवले हेही खरं. भारतात तिचं उत्पादन थांबलं ते थेट डिसेंबर २००४मध्ये.

पण पाश्चरच्या पहिल्या रेबीज लशीच्या काळापासूनच एक गोष्ट लस देणाऱ्यांना खटकत होती. लस सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत काही जणांचे पाय लुळे पडत, लघवी अडे, दृष्टी मंदावे. हा रेबीज नव्हता. रेबीज झालेला माणूस वाचत नाही आणि यातले पुष्कळ जण तर बरे होत. सरकारी कागदांत त्यांची नोंद ‘अपघात’ अशी होत राहिली. लहान मुलांच्या मेंदूच्या एका विचित्र आजाराचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती या अपघातांपासून.

तो आजार असा. पाच-सहा वर्षांचं मूल, सर्दी-ताप येऊन गेलेला, पुन्हा शाळेत जायला लागलेलं. आठ-पंधरा दिवसांनी ते अचानक सुस्त होतं, चालताना तोल जातो, नीट दिसत नाही, कधी आकडी येते. एमआरआय काढला तर मेंदूत मोठमोठे, कडा पुसट असलेले पांढरे डाग. मज्जातंतूंभोवती मायलिनचं जे स्निग्ध वेष्टण असतं ते जागोजागी झडलेलं. डॉक्टर मंडळी त्याला ‘अडेम’ म्हणतात. गोवर उठून गेल्यावर असा लुळेपणा येतो याची नोंद इंग्लंडमधल्या लीड्सचे शल्यचिकित्सक जेम्स लुकास यांनी १७९०मध्येच करून ठेवली होती. पुढे कांजिण्या, गालगुंड, रुबेला, देवीची लस, अशा कितीतरी गोष्टींनंतर तेच चित्र दिसलं. सगळ्यांचा सरळ समज असा की विषाणू मेंदूत शिरला.

हा समज मोडला तो एका विषाणूतज्ज्ञानेच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले थॉमस रिव्हर्स म्हणजे अमेरिकेतल्या विषाणूशास्त्राचे एक पितामह. पुढे पोलिओ लशीच्या संशोधनाची दिशा ठरवणाऱ्यांत ते होते. विषाणूंवर हयात घालवलेल्या माणसाला खरं तर विषाणूच सापडायला हवा होता. रिव्हर्सनी उलटा प्रश्न विचारला. लशीतला विषाणू बाजूला ठेवू. नुसता मेंदू टोचला तर? १९३०च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचं पाणी टोचायला सुरुवात केली. एकदोनदा नव्हे, आठवड्यामागून आठवडे, महिनोन्‌महिने. १९३३चा पहिला निबंध काहीसा चाचपडणाराच आहे. १९३५मध्ये फ्रान्सिस श्वेंटकर यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात मात्र शंकेला जागा नाही: माकडं लुळी पडली, त्यांच्या मेंदूतलं मायलिन झडलं, आणि विषाणू कुठेच नव्हता. माकडाच्या शरीरानं सशाच्या मेंदूविरुद्ध जे उभं केलं तेच त्याच्या स्वतःच्या मेंदूवर उलटलं होतं.

यावर एक आक्षेप शिल्लक होताच. परक्या प्राण्याचा मेंदू टोचला म्हणून हे झालं असेल. कोलंबिया विद्यापीठातल्या एल्विन काबॅट यांनी १९४९मध्ये त्याचा निकाल लावला, आणि ही हकीकत वाचताना आजही अंगावर काटा येतो. आधी त्यांनी महिन्यांचं काम आठवड्यांवर आणलं होतं: मेंदूच्या वाटणात खनिज तेल आणि मेलेले क्षयजंतू मिसळले की प्रतिकारयंत्रणा लगेच चवताळते. मग त्यांनी माकडाच्या कवटीतून मेंदूच्या पुढच्या भागाचा तुकडा काढला, वाटला, त्या तेलात मिसळला आणि त्याच माकडाला टोचला. ते माकडही आजारी पडलं. स्वतःच्याच मेंदूविरुद्ध शरीर उठतं, हे यापेक्षा उघड कसं दाखवणार? आजच्या कोणत्याही नैतिक समितीपुढे हा प्रयोग उभा राहणार नाही. पण त्या काळातले सगळेच क्रूर होते असं म्हणून सुटकाही नाही. पोटात चौदा इंजेक्शनं घेणाऱ्या माणसांचे पाय का जातात, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात तिथेच होती.

चिलीमध्ये फुएन्झालिदा आणि पालासिओस यांनी १९५०च्या दशकात याच माहितीचा सुरेख उपयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलाच्या मेंदूत मायलिन जवळजवळ नसतंच. मग रेबीजची लस मेंढीऐवजी या पिलांच्या मेंदूत बनवायची! अपघात एकदम कमी झाले. दक्षिण अमेरिकेनं ही लस उचलली. आपण मेंढीवरच राहिलो, का ते एखाद्या प्रशासनाच्या अभ्यासकानं लिहावं.

आता गोवराचं काय? लशीत मेंदू होता म्हणून शरीर मेंदूवर उलटलं हे समजण्याजोगं. पण गोवराच्या विषाणूचा मेंदूशी काय संबंध? जॉन्स हॉपकिन्सचे रिचर्ड जॉन्सन आणि डायन ग्रिफिन यांना हे तपासायचं होतं, पण लशीमुळे अमेरिकेत गोवराची मुलं मिळेनाशी झाली होती. ते पेरूची राजधानी लिमा इथे गेले. तिथल्या मुलांच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात त्यांनी गोवराचा माग काढला. विषाणू मेंदूत असता तर त्या पाण्यात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तिथल्या तिथे बनलेल्या दिसल्या असत्या. दिसल्या नाहीत. दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूतही विषाणू मिळाला नाही. मिळालं ते वेगळंच: त्या मुलांच्या पांढऱ्या पेशी मायलिनमधल्या एका प्रथिनाला पाहून खवळत होत्या. हा निबंध १९८४चा. तीनच वर्षांनी याच गटानं थायलंडच्या थिरावत हेमाचुधांबरोबर बँकॉकमधले रुग्ण तपासले. या रुग्णांना गोवर झालेला नव्हता. त्यांनी सेंपलची मेंदूवाली लस घेतली होती. त्यांच्यातही रोख मायलिनवरच. लिमातला गोवर आणि बँकॉकमधली मेंढी, दोन्ही वाटा एकाच दाराशी येऊन पोहोचल्या. गोवर झालेल्या हजारात साधारण एकाला ही गुंतागुंत होते.

दार नेमकं कोणतं, यावर मात्र पुढे वीस वर्षं भलत्याच ठिकाणी टकटक चालली. सगळ्यांचं लक्ष मायलिनमध्ये भरपूर असलेल्या प्रथिनांवर होतं. भरपूर असतं म्हणजे महत्त्वाचं, असा हिशेब. पण ती प्रथिनं वेष्टणाच्या आतल्या घड्यांत असतात, रक्तातून आलेल्या अँटिबॉडीला सहज न सापडणारी. वेष्टणाच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, इतकं कमी की मायलिनमधल्या एकूण प्रथिनांच्या ०.०५ टक्केसुद्धा नाही. ‘मॉग’ त्याचं नाव. पॅरिसमध्ये लेबार आणि सहकारी १९७०च्या दशकात आजारी गिनीपिगांचं सीरम ताटलीतल्या मज्जापेशींवर ओतून मायलिन झडताना बघत होते. त्या सीरमचं लक्ष्य कोण, हे त्यांना तेव्हा सांगता येत नव्हतं. १९८४मध्ये ख्रिस्तोफर लिनिंग्टन आणि सहकाऱ्यांनी उंदीर वापरून मेंदूच्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या, त्यातली एक नेमकी मॉगवर बसली. आधीच मेंदूला सूज असलेल्या उंदरांना ती टोचली की मायलिन धडाधड झडे. लक्ष्य हाती आलं होतं. माणसांत ते सिद्ध करणं तेवढं राहिलं होतं, आणि तिथेच सगळी फजिती झाली.

२००३मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या थॉमस बेर्गर, मार्कुस राइंडल आदींनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १०३ रुग्णांचा निबंध छापला. मज्जासंस्थेचा पहिला झटका आलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तात मॉग आणि आणखी एका मायलिन प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर दुसरा झटका, म्हणजेच मल्टिपल स्क्लेरोसिस, जवळपास ठरलेला: ९५ टक्के. नसतील तर २३ टक्के. साध्या रक्ततपासणीवर भविष्य सांगता येणार म्हणून मोठी खळबळ झाली. जगभरातल्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. कुणाला जुळलं, कुणाला जुळलं नाही. २००७मध्ये त्याच नियतकालिकात ४६२ रुग्णांचा अभ्यास आला: काहीही संबंध नाही. मॉगचं नाव बैठकांत घेणंही अवघड झालं म्हणतात, आणि ते पटण्याजोगं आहे. एवढ्या गाजावाजानंतर तोंडावर पडलेल्या विषयाला अनुदान कोण देणार?

चूक रक्तात नव्हती, परीक्षेत होती. तेव्हाच्या पद्धतीत प्रथिन आधी रसायनात उकळून उलगडून घेत, मग त्यावर रुग्णाचं सीरम टाकत. उकडलेलं अंडं दाखवून कच्चं अंडं ओळखायला सांगावं, तशातला प्रकार. रोग घडवणारी अँटिबॉडी मॉगचा घडी घातलेला, नैसर्गिक आकार ओळखते. उलगडलेल्या प्रथिनाला चिकटतात त्या भलत्याच, निरोगी माणसातही फिरणाऱ्या. म्हणजे इतकी वर्षं सगळे इमानेइतबारे चुकीच्याच अँटिबॉडी मोजत होते.

२००७मध्येच, मॉगचं नाव बुडालं त्याच वर्षी, बॉस्टनमधल्या केव्हिन ओ’कॉनर, काय वुखरफेनिग आदींनी घडी न मोडलेलं मॉग वापरून पाहिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या मोठ्यांत फारसं काही दिसलं नाही. पण अडेम झालेल्या काही मुलांच्या रक्तात अँटिबॉडी ठळकपणे होत्या. म्हणजे शोध मोठ्यांच्या वॉर्डात चालला होता आणि उत्तर मुलांच्या वॉर्डात पडून होतं.

पुढची युक्ती मला सगळ्यांत आवडते. मॉग नैसर्गिक आकारात हवं तर ते जिवंत पेशीच्या अंगावरच हवं. त्यासाठी ज्या पेशी वापरल्या जातात त्या मेंदूच्या नाहीतच. त्या आहेत मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या, ‘हेक २९३’ नावाच्या. १९७३मध्ये हॉलंडमधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम यांनी एका विषाणूच्या डीएनएचा तुकडा या पेशींत घालून त्यांना कायम वाढत्या ठेवलं. तो त्यांच्या वहीतला २९३ क्रमांकाचा प्रयोग होता, तोच आकडा नावाला चिकटला. या पेशींना माणसाच्या मॉगचं जनुक दिलं की त्या मुकाट्यानं मॉग अंगावर वागवतात. त्यांच्यावर मुलाच्या रक्तातलं सीरम टाकायचं, चमकणारा रंग लावायचा, यंत्रात बघायचं. पेशी उजळली तर अँटिबॉडी आहे. २००९मध्ये फॅबियन ब्रिलो, रसेल डेल, बर्नहार्ड हेमर यांच्या गटानं मुलांमध्ये हे दाखवलं. आणि ज्या इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेचा निबंध आपटला होता, तिनं विषय सोडला नाही. नवी पद्धत उचलली आणि २०११पासून मॉगबद्दलची काही सर्वांत भरवशाची कामं तिथूनच आली. विज्ञानात अब्रू परत मिळवण्याचा हा मार्ग फार थोडे जण घेतात.

तरी गोंधळ संपला नव्हता. उजळलेली पेशी दाखवायला जो दुय्यम रंग वापरत तो इतर प्रकारच्या अँटिबॉडींनाही चिकटायचा. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक वॉटर्स यांनी २०१५मध्ये फक्त आयजीजी-१ या प्रकाराला चिकटणारा रंग वापरला, आणि खोट्या पॉझिटिव्हांची गर्दी ओसरली. आज आपल्याला माहीत आहे की अडेम झालेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांत ही अँटिबॉडी असते. पुष्कळ मुलांत ती काही महिन्यांत आपोआप नाहीशी होते, आणि अशा मुलांना दुसरा झटका सहसा येत नाही. ज्यांच्यात ती टिकून राहते त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. मॉगच्या अँटिबॉडीचा हा आजार आता मल्टिपल स्क्लेरोसिसपेक्षा वेगळा मानला जातो, आणि त्याच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष २०२३मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. फरक कागदापुरता नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं मॉगच्या रुग्णांना उपयोगी पडत नाहीत.

विषाणू नेमकं काय करतो, हे मॉगच्या बाबतीत अजून कुणी रंगेहाथ पकडलेलं नाही. पकडलं गेलं ते शेजारच्या आजारात. हर्पिसच्या विषाणूनं मेंदूज्वर झालेलं एखादं लहान मूल औषधानं बरं होऊन घरी जाई, आणि काही आठवड्यांनी हातपाय वेडेवाकडे हलू लागत, बोलणं बंद होई. विषाणू उलटला असं समजून पुन्हा तेच विषाणूरोधक औषध सुरू होई. मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीत विषाणू नसे, तरीही. २०१२मध्ये बर्लिनमध्ये हर्पिसच्या रुग्णांत मेंदूच्या एनएमडीए ग्राहकाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. मग बार्सिलोनाच्या टाइस आर्मांगे, जोसेप दालमाउ यांच्या गटानं हर्पिसच्या रुग्णांवर पहिल्या दिवसापासून पाळत ठेवली. ५१ पैकी १४ जणांना दुसरा, स्वयंप्रतिकाराचा आजार झाला. सुरुवातीच्या रक्तात अँटिबॉडी नाही, नंतरच्या रक्तात आहे. विषाणू आधी, अँटिबॉडी नंतर, हे एकाच माणसाच्या शरीरात तारखेनिशी दिसलं. अशा रुग्णांना विषाणूचं औषध पुरत नव्हतं. त्यांना स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन द्यायला हवं होतं.

मल्टिपल स्क्लेरोसिसमधला विषाणू तर थेट शीतकपाटातून बाहेर आला. टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयात ब्रेंडा बॅन्वेल आदींनी २००४मध्ये दाखवलं की हा आजार झालेल्या ८३ टक्के मुलांना एपस्टाइन-बार विषाणू होऊन गेला होता. त्याच वयाच्या इतर मुलांत हे प्रमाण ४२ टक्के. (वर उल्लेखलेल्या २०२३च्या निकषांच्या पहिल्या लेखिकाही याच.) पण विषाणू आधी आला की नंतर? अमेरिकी सैन्यात एचआयव्ही तपासणीसाठी प्रत्येकाचं रक्त वेळोवेळी घेतात आणि उरलेलं सीरम गोठवून ठेवतात. हार्वर्डच्या अल्बर्टो अशेरियो यांच्या गटानं या साठ्यातून एक कोटीहून अधिक सैनिकांमधले रुग्ण शोधले. २०२२मध्ये निकाल आला: ८०१ रुग्णांपैकी आजारापूर्वी या विषाणूची बाधा न झालेला फक्त एक, आणि बाधेनंतर धोका ३२ पट. एचआयव्हीसाठी जमवलेलं रक्त भलत्याच कोड्याला कामी आलं.

आपल्याकडे हे सगळं कितपत पोहोचलंय? मंगळुरूच्या डॉ. लेखा पंडित यांनी मायलिन झडण्याच्या आजारांची नोंदवही वर्षानुवर्षं चालवली आणि पेशींवरची तपासणी भारतातच उभी केली. आज मुंबई-पुण्यातल्या खासगी प्रयोगशाळांतूनही मॉगची तपासणी होते. आणि इथेच धोका आहे. मेयो क्लिनिकच्या २०२१च्या अभ्यासात दर शंभर पॉझिटिव्हांपैकी साधारण २८ खोटे निघाले. अँटिबॉडीची पातळी खूप जास्त असेल तर निदान सहसा खरं. अगदी कमी असेल तर नाणेफेकीइतकाच भरवसा. नुसती डोकेदुखी किंवा एमआरआयमधला एखादा ठिपका पाहून ही तपासणी लिहून दिली तर निरोगी मूल वर्षानुवर्षं औषधं खात राहील.

म्हणून आईवडिलांना एवढंच सांगणं: तापानंतर आठ-पंधरा दिवसांत मूल गुंगीत राहू लागलं, अडखळू लागलं, एका डोळ्यानं कमी दिसतं म्हणालं, तर अशक्तपणा समजून टॉनिक देत बसू नका, मुलांच्या मेंदूरोगतज्ज्ञाकडे न्या. स्टिरॉइड वेळेवर मिळालं तर बहुतेक मुलं सावरतात. अहवालावर नुसतं ‘मॉग पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर पातळी किती आणि तपासणी पेशींवर केली का, हे डॉक्टरांना विचारा. लशीला घाबरू नका. आजच्या रेबीजच्या लशीत मेंदू नसतो, ती दंडात देतात. आणि गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते.